म्हाताऱ्याचं दीपगृह

४ मार्च

कीबोर्डात बीन्स! टोमॅटोच्या रसातले, वाळून दगड झालेले, बटणांच्या फटीत. सुरीच्या टोकाने उकरले, तर खालून टोस्टचा चुरा, एक पांढरा केस आणि काहीतरी हिरवं निघालं. हिरवं काय होतं ते बघितलं नाही. शी!

म्हातारा तेवढा वेळ मागे उभा. "झालं का रे, रसेल? माझा माणूस जिन्यात अडकलाय."

त्याचा माणूस! ऐंशीला टेकलेला बाप, अंगात नुसतं बनियन, न्याहारीची बशी मांडीवर घेऊन सकाळीच कॉम्प्युटर गेम खेळायला बसतो. घरात पाऊल टाकलं की पहिला वास त्या खोलीचा – शिळं तेल, पायमोजे, तापलेलं प्लास्टिक. जानेवारीत बायकोने घराबाहेर काढलं तेव्हा वाटलं, ग्रिम्झबीला जाऊ, बापाजवळ जरा शांत पडू. शांत!

५ मार्च

आज बशीत मासा. रिमोटवर व्हिनेगर.

७ मार्च

हे सगळं जनीनचं पाप. धाकटी बहीण, लाडकी लेक. गेल्या वर्षी वाढदिवसाला पीसी आणला, टीव्हीएवढा स्क्रीन लावला आणि त्यात तो प्रोग्रॅम घालून दिला. जुन्या घरगुती कॉम्प्युटरचं हुबेहूब सोंग घेतो – एम्युलेटर. माझ्या लहानपणी ज्या गेमसाठी मी ख्रिसमसची वाट बघायचो ते सगळे आत, फुकट. गेम कॅसेटवरून चढतानाची ती किंचाळीसुद्धा! आवाज पूर्ण मोठा. भिंती थरथरतात.

याच किंचाळीला हा माणूस ओरडायचा. दिवसभर बस चालवून यायचा, टोपी खुंटीला लावायचा आणि म्हणायचा, "त्या मांजराची मान मुरगाळ आधी!" मी कॉम्प्युटर बंद करायचो. अर्धा चढलेला गेम जायचा. एकदाही शेजारी बसला नाही. एकदाही नाही!

आणि आता विचारतो, "तुला हे खेळता यायचं का रे?"

मी दार ओढून घेतलं.

९ मार्च

त्याचा आवडता गेम 'दीपगृह'. काळाकुट्ट पडदा, त्यावर पिवळ्या रेनकोटातला एक ढब्बू रखवालदार. तांबडे खेकडे चुकवत, उड्या मारत वर चढायचं आणि माथ्यावरचा दिवा लावायचा. माझाही हाच आवडता होता. घंटेच्या खोलीपलीकडे मी कधी गेलो नाही. शाळेत कोणीच गेलं नव्हतं.

म्हातारा गेलाय.

पण कसा? फसवून! एम्युलेटरला एक बटण असतं. आहे तो क्षण तसाच साठवायचा. मेलं की बटण दाबायचं, पुन्हा त्याच पायरीवर. आम्हाला मोजून तीन जीव मिळायचे. तिसरा गेला की पहिल्यापासून. पोटात गोळा यायचा शेवटच्या जिवाला. याच्या पोटात काय येतं? बीन्स.

म्हटलं, "बाबा, ही लबाडी आहे."

"मग?" म्हणाला. "मरणाऱ्याला परत उठवलं तर तुझं काय गेलं?"

आणि खेळतो कसा! नाक स्क्रीनला लावून, मान तिरकी. कोंबडी दाण्याकडे बघते तशी. बघवत नाही.

१२ मार्च

आज लाज वाटली. खरंच लाज.

बेकरीत मिसेस पॅशली समोरून आल्या. चाळीस वर्षांपासूनची शेजारीण. आई गेली तेव्हा महिनाभर याला डबा दिला त्या बाईने. त्या हसल्या, हात केला. हा ढिम्म! पाव घेतला आणि त्यांना ओलांडून चालू लागला. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

मीच माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ दे. हल्ली तो असाच करतो. माझं काही चुकलं असेल तर सांगायला सांग त्याला."

घरी येऊन विचारलं. म्हणतो, "होती का ती तिथे? माझं लक्ष नव्हतं."

लक्ष कुठे असणार! खेकड्यांत. माझ्याशीही तेच. मी बोलतो तेव्हा माझ्या कानाकडे बघतो. पन्नाशी उलटलेला मुलगा घर मोडून परत आलाय, त्याच्या तोंडाकडे बघणंसुद्धा जड जातं. कळतं मला. लाज वाटते त्याला माझी.

१३ मार्च

दिवसभर किंचाळी.

१६ मार्च

समोरच्या गाडीचा आरसा तोडला म्हाताऱ्याने. आपली गाडी काढताना घासत नेली – आपला दरवाजाही गेला.

"ती गाडी तिथे नव्हती," म्हणे.

"नव्हती? काल रात्रीपासून उभी आहे!"

"जन्मभर बस चालवली मी. एकाला खरचटलं नाही. तू मला शिकव!"

आत गेला आणि बसला खेळायला. ज्याची गाडी, त्या टेरीच्या शिव्या मी फाटकात उभा राहून खाल्ल्या. आतून पिवळ्या माणसाच्या उड्या ऐकू येत होत्या – टुईं, टुईं, टुईं.

इतका राग आला की तोंड कडू झालं.

१७ मार्च

जनीनला फोन केला. सगळं सांगितलं – शेजारीण, आरसा, घाण, आंघोळीची टाळाटाळ. म्हटलं, डोकं फिरत चाललंय त्याचं, आणि तुझ्या त्या खेळण्याने उरलंसुरलं सडवलं.

"दादा, एवढा एकच विरंगुळा आहे त्यांना. टीव्ही बघत नाहीत, पेपर वाचत नाहीत–"

"तेच म्हणतोय मी!"

"तू तिथे राहायला गेलायस की पाळत ठेवायला?"

ठेवला फोन. तिचं काय जातं? ती लीड्सला. वास मला येतो.

१९ मार्च

कीबोर्ड काढला. आंघोळीला गेला तेव्हा – हो, शेवटी गेला! – वायर उपटली आणि पिशवीत घालून माझ्या कपाटात टाकला. पाढाच म्हणायची तयारी ठेवली होती: न्याहारी टेबलावर, रोज आंघोळ, मिसेस पॅशलींकडे जाऊन माफी. मगच कीबोर्ड.

तो आला. खुर्चीत बसला. टेबलावर हात फिरवला, एकदा, दोनदा. पुढे सरकवत पार भिंतीपर्यंत नेला.

मला वाटलं भडकेल. नाही. एवढंच म्हणाला, "तू घेतलास होय?"

"हो."

"बरं."

आणि बसून राहिला. पडद्यावर तो पिवळा माणूस जिन्यात उभा, हा खुर्चीत. चहा नेला तर मान हलवली नाही. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. किळस आली – त्याची, त्या खोलीची, माझीही थोडी.

२० मार्च

अजून तसाच. जेवला नीट. टेबलावर! मग परत त्याच खुर्चीत.

२१ मार्च



दुपारी दार धडाधड वाजलं. मॅव्हिस – शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देते ती, हातात तो मोठा गोल फलक. रडत होती की ओरडत होती, कळेना. "तुझ्या बापाला आवर! थांबलाच नाही तो! मी मधोमध उभी, पिवळा कोट घालून, पाठीमागे पोरं, आणि हा गाडी घेऊन येतोच आहे! फलक बॉनेटवर आपटला तेव्हा थांबला!"

पोरं सगळी ठीक. एक पडला, गुडघा फुटला, तेवढंच. तेवढंच!

गाडी त्याने कोपऱ्यावर सोडली होती. चालत आला मागाहून, भिंतीला हात लावत. चेहरा चुन्यासारखा. मॅव्हिसला म्हणाला, "पोरं कशी आहेत?" तिने पाठ फिरवली. गेली.

मग मी बोललो. आयुष्यात बोललो नव्हतो तसं. "घरात करमेना म्हणून पोरांच्या अंगावर गाडी घालता? डोकं ठिकाणावर आहे का? मेंदूचा लगदा झालाय तुमच्या!"

"डोकं ठीक आहे माझं," म्हणाला. हळू. माझ्या कानाकडे बघत.

"माझ्याकडे बघून बोला!" मी ओरडलो.

त्याने मान जरा फिरवली. आणखी जरा. मग सोडून दिलं.

गाडीची किल्ली त्याने स्वतःच टेबलावर ठेवली. टेबलाच्या कडेला. खाली पडली. उचलली नाही.

२२ मार्च

जनीनशी बोललो. या वेळी भांडली नाही. रडली. दोघांचं ठरलं – स्मृतिभ्रंश. दुसरं काय असणार? मिसेस पॅशलींच्या भावाचंही असंच सुरू झालं होतं, माणसं ओळखेना. वृद्धाश्रमांची चौकशी जनीन करणार, डॉक्टरकडे मी नेणार.

घर विकावं लागेल. ती खोली धुऊन काढायची म्हणजे – नको, आज नको.

२५ मार्च

डॉक्टर ओकोरो, तरुण बाई, शांत. मी शेजारी बसलो, सगळा पाढा वाचायचा म्हणून.

तिने तारीख विचारली. बरोबर. महिने उलट म्हणून दाखवा म्हणाली. घडाघडा म्हटले. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले – ते त्याने न विचारता शेवटी परत सांगितले, आणि वर जुन्या बसमार्गाचे सगळे थांबे, क्रमाने! बाई हसली. मी वेडा ठरत होतो.

मग तिने एक कागद पुढे केला. "मिस्टर विल्मॉट, एवढं वाचून दाखवता?"

म्हाताऱ्याने कागद लांब धरला, मग जवळ.

"चष्मा घरी राहिला," म्हणाला.

चष्मा नाकावर होता.

ती उठली, त्याचा दंड धरला आणि म्हणाली, "चला, जरा शेजारच्या खोलीत बसू." मला बाहेर थांबायला सांगितलं. दारातून जाताना तो म्हणाला, "मुलाला लगेच सांगू नका. त्याचं आधीच बरंच चाललंय."

मला ऐकू आलं.

२९ मार्च

मोठ्या दवाखान्यात जाऊन आलो. दोन्ही डोळे. नजरेचा मधला भाग गेलाय, परत येणार नाही. फक्त कडेने दिसतं, थोडं – पेपर नाही, टीव्ही नाही, माणसांचे चेहरे नाहीत. काळ्यावर पिवळं असलं, मोठं असलं, आवाज करत असलं, की दिसतं. "निदान दोन वर्षं झाली असतील," डॉक्टर म्हणाले. मी जानेवारीत आलो. म्हणजे आल्यापासून माझं तोंड त्याने एकदाही पाहिलेलं नाही.