खोक्यामागचा आकडा

प्रिय बुटके,

पाकीट बघून तू आधी दचकशील आणि मग म्हणशील, फोन करायला काय झालं होतं या माणसाला. तीनदा केला गं. तिन्ही वेळा तुझ्या चष्म्याच्या दुकानातली गर्दी, माझा गुडघा आणि तुझ्या वहिनीने दुकानाला लावलेला नवा पडदा एवढ्यावरच गाडी अडली आणि मी फोन ठेवून दिला. लिहिताना निदान तू मध्येच 'बरं, ते जाऊ दे दादा' म्हणू शकणार नाहीस.

गेल्या रविवारी तुझ्या लेकीचा फोन आला होता. शाळेतल्या चौघींनी बँड काढलाय आणि बाईसाहेबांच्या वाट्याला बेस गिटार आलीय, हे तुला माहीतच आहे. शाळेच्या अडगळीतून त्यांना एक ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची तीन वेगवेगळी खोकी मिळाली आहेत. 'मामा, कशाला काय जोडू?' मी म्हटलं, घरात एवढी जाणकार बाई असताना मला कशाला विचारतेस? तर म्हणाली, 'आई म्हणते, तिला यातलं काही कळत नाही. तिने एकदा ॲम्प जाळलाय. मला म्हणाली, वायरींना हात लावायचा नाही, मामाला विचार.' मी तिला खोक्यांवरचे आकडे पाठवायला सांगितले. पाच मिनिटांत आले. उत्तर द्यायला दोन मिनिटं पुरली असती. मला आठवडा लागला.

खरं तर हे गणित मला तुझ्याइतकं सोपं करून कुणी सांगितलेलं नाही. आठवतं, कॉलेज सुटलं की तू बाबांच्या दुरुस्तीच्या दुकानात यायचीस, माझ्या बाकावरची पक्कड बाजूला सारून पाय हलवत बसायचीस आणि तुमच्या बँडच्या ड्रमरला समजावायचीस. खोकं विजेला किती अडवतं, तो आकडा म्हणजे ओहम. आकडा जेवढा लहान, तेवढं ॲम्पला जास्त ओढावं लागतं. आठचं एक खोकं आणि आठचं दुसरं शेजारीशेजारी जोडलं, की दोन्ही मिळून चार. आपल्या ॲम्पला चारपर्यंत झेपायचं, त्याखाली नाही. ड्रमर म्हणायचा, 'दोन वाढले की आकडा कमी कसा होतो, हा कुठला उलटा न्याय?' आणि तू म्हणायचीस, 'एकाऐवजी दोन दारं उघडली की माणसं जास्त बाहेर पडतात ना, तसं.' मी ते उदाहरण आजही गिऱ्हाइकांना देतो, तुझं नाव न घेता.

मग तो नाट्यगृहातला कार्यक्रम. त्याबद्दल आपण दोघं सतरा वर्षांत एकदाही बोललो नाही. रेकॉर्डिंग कंपनीची माणसं ऐकायला आली होती, म्हणून तुम्हाला मोठा आवाज हवा होता, म्हणून दोन खोकी. जोडणी तू केलीस, खोक्यामागचे आकडे दोनदा वाचून. तिसऱ्या गाण्यात बेसचा आवाज फाटला, मग बंद पडला, आणि ॲम्पच्या जाळीतून धूर आला. पडदा पाडावा लागला. विंगेत ड्रमर सगळ्यांदेखत तुला म्हणाला, 'कळत नाही तर हात कशाला लावतेस?' तू माझ्याकडे बघितलंस. मी वायरी गुंडाळत होतो. गुंडाळतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू दुकानात आलीस. हातात वहीचं पान होतं, त्यावर सगळं मांडलेलं. आठ आणि आठ, म्हणजे चार. 'दादा, यात माझं चुकलं कुठे ते दाखव,' म्हणालीस. मी पान बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, 'कागदावर बरोबर असतं गं सगळं, वायरीत वेगळं असतं.' तू मान हलवलीस. महिन्याभरात बँड सोडलास, गिटार देऊन टाकलीस आणि चष्म्यांच्या कोर्सला नाव घातलंस. बाबा जेवताना म्हणाले, 'चूक कुणाच्याही हातून होते.' ते तुला म्हणत होते. मी खाली मान घालून जेवत होतो.

बुटके, तुझं काहीच चुकलं नव्हतं. त्या सकाळी तू यायच्या तासभर आधीच मी कार्यक्रमातलं डाव्या बाजूचं खोकं मीटरवर घेतलं होतं. ते आठचं नव्हतंच, चारचं होतं. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी त्यातले दोन्ही स्पीकर फाटले म्हणून मी बदलले होते. त्यात सोळा-सोळाचे होते, ते मिळाले नाहीत, म्हणून आठ-आठचे बसवले. ते चालतं, फक्त मागचा आकडा आठचा चार करायला हवा. मी घाईत फळी लावली, स्क्रू पिळले आणि जुना आठ तसाच राहिला. आठ आणि चार मिळून तीनच्याही खाली जातं. ॲम्प जळणारच होता, कुणीही जोडला असता तरी. तू ते पान पुढे केलंस तेव्हा खोकं माझ्या पायाशीच होतं. बाबांनी दुकान माझ्या हाती देऊन महिनासुद्धा झाला नव्हता. वाटलं, कामाच्या नावाला बट्टा लागेल. तुझं काय, चार दिवसांत विसरशील. दुपारी दार लावून मी खोकं उघडलं, पुन्हा ॲम्प जळू नये म्हणून स्पीकरची जोडणी बदलली आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही.

या गुरुवारी ड्रमरकडे जाऊन आलो. त्याचं आता गाद्या-उशांचं दुकान आहे, टक्कल पडलंय. त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ उशीचा अभ्रा सारखा करत बसला. मग म्हणाला, 'मी तिला सगळ्यांसमोर बोललो आणि तू तिथेच होतास.' थोड्या वेळाने, 'तिला सांगितलंस का?' मी म्हटलं, नाही. 'मग माझ्याकडे आधी कशाला आलास?' तालीम करत होतो बहुतेक.

माफ कर असं लिहून पान संपवणं सोपं आहे, आणि तू मनाने मोठी आहेस, करूनही टाकशील. तेवढ्यासाठी लिहिलेलं नाही. तुझ्या लेकीला मी काल कळवलंय, की याचं उत्तर मामा देणार नाही, आईकडून घे, तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ती आज-उद्या तीन आकडे घेऊन तुझ्यासमोर बसेल. तिला 'मला यातलं कळत नाही' एवढं तरी आता सांगू नकोस. ते वाक्य माझ्या खोटेपणातून आलंय. तिला शिकव, आणि आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी खोक्याला मीटर लावून बघायचं, हेही सांग. का, असं तिने विचारलं तर मामाने काय केलं ते तिला सांगायचं की नाही, हे तू ठरव. मी काही म्हणणार नाही.

तुझाच,
दादा