तुरीचे तीन दाणे

बोरी अरब
दि. ९ एप्रिल २०२४

चि. शाल्मलीस, विमल आजीचा पोटभर आशीर्वाद.

इकडे सारे बरे. तुझे आजोबा खोकतात पण बिडी सोडत नाहीत, म्हणजे ठीकच आहेत. फोन काहून नाही केला म्हणशील, तर मी फोनवर बोलते ते भिंतीपलीकडं हंसाबाईले ऐकू जाते, आणि हे तिच्याबद्दलच आहे. चौथीपर्यंत शिकली ते आज कामी आलं.

आमच्या बचत गटाच्या पापडासाठी तू जे चिन्ह काढून पाठवलं, लोगो का फोगो म्हणते ते, ते पिशव्यांवर छापून आलं. बाई, ते हंसाबाईचं आहे.

आम्ही साऱ्या बाया समाजमंदिराच्या गच्चीवर ज्वारीचे पापड वाळू घालतो. एकीचे दुसरीत जाऊ नये म्हणून पापड ओला असतानाच जिची तिची खूण दाबून ठेवतो. माझी सासू बांगडीची कड दाबे, तेच मी करते. दोन अर्धे चांद, पाठीले पाठ. हंसाबाई तुरीचे तीन दाणे दाबते. तू होळीले आलती तवा माझ्या सैपाकघरातल्या ताटलीतला पापड उचलून फोटो काढला, त्यावरूनच हे चिन्ह. ताटली तिची होती. हंगामातले पयले पापड शेजारी द्यायचे असतात, एवढं तुले ठाऊक असाले पाहिजे होतं. आजीच्या घरातलं सारं आजीचंच, असं पुण्यात शिकवतात काय?

आता गावभर तेच चाललं. तिचा नातू प्रेम, त्यानं गाडीवर चिकटवलं. शोभानं, म्हणजे आमच्या गटाच्या अध्यक्षीणबाईनं, साऱ्यायच्या पदरावर तेच भरून घेतलं. माझा पदर मी कोरा ठेवला. हंसाबाई काही बोलत नाही, नुसती हसते. बोलली असती तर उत्तर तरी देल्लं असतं. एकाच साली दोघी सुना होऊन आलो या गल्लीत. तिचे केस अजून काळे. लग्नात भाजीचं मीठ पाहाले तिलेच बोलावतात. आणि आता माझ्याच नातीनं तिची खूण साऱ्या गावाच्या कपाळावर मारली. बदल ते.

लोभ आहेच, पण आधी काम कर.
विमल आजी

पुणे
दि. १८ एप्रिल २०२४

ती. आजीस, शाल्मलीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचून आधी हसले आणि मग शरम वाटली. लहानपणापासून तुझे पापड खाल्ले, पण त्यावरचे चंद्र कधी पाहिलेच नाहीत. चूक माझी आहे.

सोबतच्या कागदावर दोन अर्ध्या चंद्रांचं नवं चिन्ह काढलंय. खरं सांगायचं तर हे जास्त देखणं आहे. पण आजी, शोभाकाकू पदरावर भरून घेतात, प्रेम गाडीवर लावतो, म्हणजे ते चिन्ह आता माझ्या हातात उरलेलं नाही. बैठकीत कागद ठेव. बायका हो म्हणाल्या तर लगेच नव्या पिशव्या छापायला देते.

आजोबांची बिडी लपव. माझ्यावर अशीच रागावत राहा, त्याशिवाय मला करमत नाही.
तुझी शाल्मली

बोरी अरब
दि. ६ मे २०२४

चि. शाल्मलीस, आजीचा आशीर्वाद. बिडी लपवली, त्यायनं शोधली.

बैठक होती त्याच दिवशी यवतमाळचा दुकानदार माल न्यायले आला. तुझा कागद पोलक्यात घालून मी गच्चीवर गेली, तर साऱ्या बायायच्या पापडावर तुरीचे तीन दाणे. पिशवीवर आहे तेच पापडावर बी पाहिजे, असं त्यायनं आपसात ठरवलं. मले सांगणार कोण? मी तोंड फुगवून बसली होती. मी विचारलं, आता कोणाचे कोणते ते कसं वळखता. शोभा म्हणे, वळखायचं कायले आत्या, सारे एकाच पिशवीत जातात. नवऱ्यासमोर हिचा आवाज निघत नाही, आणि दुकानदाराले पिशवीवर बोट ठेवून सांगत होती, हे आमचं आहे.

त्या बाप्यानं सारं उचललं आणि माझं सूप बाजूले सारलं. म्हणे हे बाहेरचे दिसतात, यावर तुमची खूण नाही. माझे पापड बाहेरचे! या गच्चीवर पयला पापड माझ्या सासूनं घातला.

कागद काढायची तीच वेळ होती. तेवढ्यात हंसाबाई पुढं झाली, सूप उचललं, म्हणे, "हे आमच्या विमलचे आहेत, दादा. खूण द्यायची राह्यली." आणि आपल्या हातानं माझे पापड तीन दाण्यांच्या पिशवीत भरले. भांडली असती तर मी तिले पुरून उरली असती. तिनं सांभाळून घेतलं.

बैठकीत कागद मी काढलाच नाही. काढला असता तर मोठी म्हणून बाया हो म्हटल्या असत्या. मग साऱ्या जणी माझी बांगडी दाबत बसल्या असत्या आणि हंसाबाई एकटी तिचे दाणे. दुकानदारानं तिचं सूप सारलं असतं तर मी उचललं असतं काय? पोरी, तुले खोटं कायले सांगू. उचललं नसतं.

तर आहे ते राहू दे. तुझा कागद पिठाच्या डब्याखाली घातला. डबा डुगडुगत होता, आता बसला.

काल मी बी तीन दाणे दाबून पापड घातले. दाणे आपल्या वावरातले घेतले, टपोरे. हंसाबाई दुकानातले घेते. माझे जरा खोल बसतात. बाकी कोणाले समजलं नाही. हंसाबाईनं मात्र खाली वाकून पाह्यलं, बराच वेळ पाह्यलं, आणि या खेपी हसली नाही.

माया पातळ करू नको. आणि दिवाळीले येशील तवा ताटली कोणाची ते आधी विचारत जा.
विमल आजी