बर्फाच्या खणातली बाटली

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

बायकोच्या, वनमालाच्या मूत्रपिंडाचे दोन तुकडे काढले! बीडच्या दवाखान्यात, पाठीत सुई घालून. तुकडा केवढा — शेवईच्या टोकाएवढा. सूज कशाची, ते त्यातून कळणार.

एक तुकडा तिथेच साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. दुसरा बाटलीत, मुंबईला, इलेक्ट्रॉनच्या यंत्राखाली. रक्त गाळणारा बारीक पडदा त्यातच दिसतो, औषध त्यावरच ठरणार. मुंबईची गाडी सोमवारी. दवाखान्याचा फ्रीज बिघडलेला, म्हणून बाटली माझ्याकडे दिली. "थंड ठेवा," म्हणाले. आणखीही काही म्हणाले, पण मला घरी, नेकनूरला जायची बस धरायची होती.

जनावरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं शिपाई होतो. वळूचं वीर्य गोठवलं तरच टिकतं, हे मला कोणी शिकवू नये! बाटली वरच्या बर्फाच्या खणात ठेवली.

९ फेब्रुवारी

वनमाला घरी आली. लघवीत रक्त जातंय.

"आवं, कितींदा फ्रीजचा बर्फाचा खण उघडता? मी हिकडं हाय, तिकडं न्हाई!"

१० फेब्रुवारी

बाटली गाडीत दिली. सुटलो.

१९ फेब्रुवारी

साध्या तपासणीत काही सापडलं नाही. आणि मुंबईचा तुकडा वाया गेला! डॉक्टर फोनवर म्हणाले, गोठला होता. बर्फाचे कण पेशींत घुसून सगळं फाटलं, पडदा ओळखूच येत नाही. फोटो पाठवला. हजारो पट मोठा केलेला, काळा-पांढरा. नुसती भोकंच भोकं.

आमची थोरली अंजू पाटोद्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिने विचारलं, "आण्णा, बाटली कुठं ठेवलती?"

"खाली. दुधापाशी."

तोंडातून निघून गेलं!

"मग मुंबईवाल्यांनीच घाण केली. सोडत न्हाई मी त्यांना." फोनवर अर्धा तास भांडली. पलीकडची मुलगी सारखी सॉरी म्हणत होती. मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

२३ फेब्रुवारी

सूज मांड्यांपर्यंत चढली. बोट दाबलं की खड्डा पडतो, भरतच नाही. अंदाजाने औषध देणार नाहीत. पुन्हा सुई. या वेळी रक्तस्रावाची भीती जास्त — तशा कागदावर माझी सही घेतली.

सांगू का? आज चारदा तोंड उघडलं. कोणाला सांगू — अंजूला, की हिला? आणि सांगून तो तुकडा थोडाच परत येणार?

"कावून गप बसलाव? सुई मला टोचणार हाय, तुमाला न्हाई!" सुजलेल्या तोंडाने हसली.

२५ फेब्रुवारी

सुई झाली. दवाखान्याचा फ्रीज अजून बिघडलेलाच. सिस्टर बाटली माझ्या हातात देत होती, अंजू शेजारीच. वनमाला पालथी पडलेली. मान न वळवता म्हणाली, "ह्यांच्यापाशी नको. अंजूकडं द्या."

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.