हरकत एक

प्रिय वहिनी,

रागाच्या भरात लिहायला बसले आहे. काल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पुन्हा तसाच कागद लागला. तालुक्याच्या जेलचा ठेका वाढवून द्यायचा आहे, त्यासाठी सोमवारी शाळेच्या पटांगणात सभा, आणि खाली ठळक अक्षरात, 'भोजनाची व्यवस्था केली आहे.' डोकंच फिरलं माझं! तुला जाऊन वर्ष झालं नाही, आणि यांनी पुन्हा पत्रावळी मागवल्या.

तलावाच्या मासोळीवरून मारामारी झाली आणि भाऊला आत टाकलं, तेव्हा मी नुसती रडत बसले होते. तू दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन जेलच्या दारात उभी. भात आणि वाळल्या झिंग्यांची चटणी. शिपाई डबा उघडून बघायचा, हुंगायचा, आत द्यायचा. केस उभी राहायची तेव्हा राहील, माणूस घरचं जेवतोय एवढा तरी धीर होता.

मग ठेकेदार आला. स्वयंपाक त्याचा, झाडलोट त्याची, भेटीच्या खोलीवर माणूसही त्याचाच. घरचा डबा बंद, हवं तर त्याच्या कँटीनमधून विकत घ्या. सरकारनं माणसं धरायची आणि त्यांची पोटं ठेक्यानं द्यायची, हा कुठला न्याय गं?

त्याचा ठेका वाढवायची मागची सभा लागली, तेव्हा तू मासोळीची टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव फिरलीस. मासे तोलता तोलता विचारायचीस, "बाई, तुह्या घरचं कोनी आत हाय काय? मंग सभेले ये." ढिवरांच्या बाया आल्या, बौद्धवाड्यातल्या आल्या, पार कुरखेड्याकडच्या गोंडांच्या दोघी जीपला लटकून आल्या. निवेदन मी लिहिलं. अंगणवाडीतली बाई ना मी, अक्षर चांगलं! तेव्हा केवढा तोरा होता मला.

आणि सभेच्या दिवशी आम्ही काय केलं? आम्ही जेवलो.

सभा घ्यायला तालुक्याचे साहेब येणार होते, त्यांना उशीर होता. ठेकेदारानं आधीच पंगत मांडली. भात, वांग्याची भाजी, बुंदी. उन्हातून चालत आलेल्या बाया, पान वाढल्यावर उठायचं कसं? बसलो. हात धुऊन सभेत गेलो आणि तोंडंच उघडेनात. ज्याच्या पंगतीत जेवलो त्याच्याच मांडवात त्याला वाईट कसं बोलायचं? आपल्या गावात कुणी बोलत नाही. ठेकेदाराला ते ठाऊक होतं, वहिनी! आम्हालाच सुचलं नाही. निवेदन माझ्या पिशवीत तसंच राहिलं.

तो भेटीचा दिवस होता. तू जेलच्या दारातून घाईघाईनं आलीस, तेव्हा उष्ट्या पत्रावळी उचलणं चाललं होतं. तू माझ्याकडे पाहिलंस.

"कुसुम, तू बी जेवली काय व?"

मी मान खाली घातली. साहेबांनी विचारलं, कुणाची हरकत आहे का. सगळ्या चिडीचूप. तू एकटी उभी राहिलीस. "मी नाई खाल्लं याचं. मले बोलाचं हाय." आणि बोललीस. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं, कारकुनाकडे वळले आणि म्हणाले, "लिहा. हरकत एक."

घरी जाताना मला एक शिवी तरी द्यायचीस! उलट म्हणालीस, "भूक लागली असन तुले." त्या शब्दांचा राग मला आजही येतो. तू रागावली असतीस तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते.

त्यानंतरही प्रत्येक भेटीच्या दिवशी तू डबा नेलास, दारात बसलीस आणि भरलेला परत आणलास. अंगात हिवताप असतानाही गेलीस. काऊन गेलीस गं? मी नेला असता ना! तू सांगितलं नाहीस, आणि मीही पुढे झाले नाही.

तुझ्या मातीला भाऊला बेड्या घालून आणलं होतं. अर्धा झालाय तो. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "तुमी साऱ्या गप काऊन बसल्या?"

वहिनी, तुझी टोपली मी आढ्यावरून काढली आहे. मला मासे तोलता येत नाहीत, बाया हसतात. हसू देत. प्रत्येकीला एकच सांगते आहे, सोमवारी घरून जेवून निघा, नाहीतर फडक्यात आपला भात बांधून आणा. त्याच्या पानाला हात लावायचा नाही, त्याच्या माठातलं पाणीसुद्धा प्यायचं नाही. शब्द देते तुला, साहेबांनी विचारलं की सगळ्यांच्या आधी मी उभी राहीन. आधी सांगेन की मागच्या खेपेला मी जेवले होते, म्हणून गप बसले. मग निवेदन वाचेन. आणि तिथून तुझा डबा घेऊन जेलच्या दारात जाईन.

कारकुनाला यावेळी 'एक' लिहून भागणार नाही.

त्या पंगतीत जेवलेली,
तुझी नणंद
कुसुम