बेअर खिंडीत उलट्या गाडीने

जॅस्पर,
२ मे १९७८

प्रिय नेटी वन्सं यांस,

सा. न. वि. वि. नमस्कार गाडीच्या अगदी मागच्या, मागेच तोंड करून बसायच्या बाकावरून करते आहे, तेव्हा हिंदकळला असेल तर सांभाळून घ्या.

तुमचे बंधुराज निघाले एकदाचे! तुमच्या लग्नाला येणार नाही म्हणून वर्षभर घर डोक्यावर घेतलं, आणि परवा पाहते तर स्वतः कणीक मळताहेत. कुणासाठी म्हणून विचारलं, तर म्हणे सहज. सहज म्हणून कुणी ट्रकच्या चाकाएवढा लग्नाचा पाव भाजतं का हो? वर कणकेची कबुतरंसुद्धा! तो पाव आता पुढच्या सीटवर पट्टा बांधून बसलाय, मधल्या सीटवर लोणच्याच्या बरण्या, आणि लग्नाची बायको सगळ्यात मागे. कबुतराची मान मोडेल म्हणून गाडी गोगलगायीच्या चालीने. समोर येणाऱ्या हिमनद्या त्यांना दिसतात, मागे पडलेल्या मला.

प्रत्येक हिमनदीपाशी थांबून ते वर कड्याकडे बघतात आणि पुटपुटतात. काय ते मला ठाऊक आहे. त्यांचा जिवलग मित्र, तुमचे पहिले यजमान स्तेपान, बेअर खिंडीत बर्फाच्या दरडीखाली गेले, आणि आता तुमचा आयनार त्याच खिंडीत सरकारी यंत्राने रस्त्यावरचा बर्फ सारतो. माझ्या बहिणीला प्रत्येक नवरा दरडीखालचाच लागतो का, असं काल मलाच ओरडून विचारलं. जणू दरड मीच!

वाटेत प्रिन्स जॉर्जला चुलतभावाकडे मुक्काम आहे. उत्तर मेझिआडिनच्या तिठ्यावरच्या खानावळीत पाठवा. लोभ आहेच, तो मागच्या बाकापर्यंत पोचू द्या.

तुमची,
ओलेना वहिनी

---

स्ट्युअर्ट,
८ मे १९७८

प्रिय ओलेना वहिनीस,

सा. न. वि. वि. तुला आणि पावाला.

पत्र वाचून आयनार इतका हसला की कॉफी दाढीतून गळली. मग दरडीचं वाक्य आलं आणि त्याने कप खाली ठेवला. तुझा नवरा खोटं बोलत नाही, एवढंच म्हणाला. बेअर खिंडीत कालच पुन्हा दरड आली आहे. रस्ता उघडेपर्यंत घाई करू नका.

वहिनी, मला धास्ती वेगळीच. पाव आणि मीठ हातात घेऊन आशीर्वाद बाबांनी द्यायचा. ते नाहीत, म्हणजे दादाने. तो चर्चच्या दारातून मागे फिरला तर? मी त्याला विनवणार नाही. एकदा विनवलं, तर त्याने फोन आपटला. स्तेपानला बर्फातून उकरून काढणाऱ्यांत आयनार होता, हे मी दादाला कधी सांगितलं नाही. म्हणेल, उपकार फेडायला लग्न करतेस का? उपकारासाठी कुणी एवढं घोरणारा माणूस पत्करेल का, तूच सांग.

माया कमी करू नकोस. लोणची मात्र जपून आण.

तुझी,
नेटी

---

बेअर खिंड, हिमनदीसमोर,
१३ मे १९७८

प्रिय नेटी वन्सं यांस,

सा. न. वि. वि. हसू नका, आधी वाचा.

तिठ्यावर गाडीचे पुढे जायचे सगळे गिअर गेले. उरला तो रिव्हर्स. मेकॅनिक म्हणाला, सुटा भाग यायला पंधरवडा लागेल. तुमचे बंधू म्हणाले, गाडी चालते ना? मग कुठल्या तोंडाने चालते याच्याशी रस्त्याला काय करायचंय! आणि निघालो, उलटे. आयुष्यात पहिल्यांदा मी पुढे, पाव शेवटी. मी डावीकडे म्हणून ओरडले की ते उजवीकडे वळवणार, कारण कुणाचं डावं ते ठरेना. समोरून आलेला लाकडाचा ट्रक आम्हाला पाहून आपणच मागे जायला लागला. पोलिसाने अडवलं, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, पावाला सलाम ठोकला, आणि आपण आम्हाला पाहिलंच नाही असं सांगून निघून गेला.

दरडीपाशी अडकलो. तिथे लाल दाढीचा एक माणूस बर्फ सारत होता. तुमच्या फोटोमुळे मी क्षणात ओळखला. तोंड उघडणार तोच त्याने डोळ्यांनीच नको म्हटलं. आणि आमचे महाशय त्याचंच फावडं मागून घेऊन मदतीला धावले! दिवसभर त्याच्याशेजारी बर्फ उपसला आणि दिवसभर त्यालाच सांगत राहिले, की बहीण एका म्हाताऱ्या नॉर्वेवाल्याच्या नादी लागलीय, तो असाच कड्याखाली उभा राहतो, एक दिवस तिला पुन्हा काळे कपडे घालायला लावील. सांगताना उपसलेला बर्फ पुन्हा रस्त्यावरच टाकत होते, वन्सं. आयनारने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, भाऊ, आणखी कॉफी घेणार का?

हे पत्र तोच आणतो आहे. आता मी काय करू ते लगेच कळवा. जीव टांगणीला, लोभ जागेवर.

तुमची,
ओलेना वहिनी

---

स्ट्युअर्ट,
१४ मे १९७८

वहिनी,

नमस्काराला वेळ नाही, तो भेटीत घे.

काही करू नकोस. आयनार रात्रभर टेबलाशी बसून होता. दादा घोरण्याबद्दल काही बोलला का, असं मी विचारलं, तरी हसला नाही. म्हणाला, तुझ्या भावाने मला शिव्या दिल्या नाहीत, मनातली भीती बोलून दाखवली. ती माझीच होती. लग्न परवा आहे, रस्ता उद्या उघडतोय. उलटे या, सुलटे या, पण या. दादाला कळल्यावर तो काय करील ते करो.

नेटी

---

ड्रमहेलर,
२८ मे १९७८

चि. नेटीस,

अ. उ. आ. मला पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा चुका पोटात घाल.

सुखरूप घरी पोचलो. गाडी आता सुलटी धावते, पण तुझी वहिनी पुढे बसायला तयार नाही. म्हणते, पुढचं सगळं आपल्या अंगावर येतं. पाव कापायला तुम्हाला करवत आणावी लागली, यावर अख्खं गाव हसलं. हसू दे. मीठ देताना निम्मं सांडलं, ते वाऱ्याने.

तुम्हा तिघांना वाटतं, चर्चच्या दारात आयनारला पाहून मी चाट पडलो. वेडे आहात. खिंडीत त्याने पहिल्यांदा फावडं हाती दिलं तेव्हाच त्याचे हातमोजे पाहिले. ती वीण आईची, आणि आपल्या घरात ती तुझ्याशिवाय कुणाला येत नाही. मग म्हटलं, तोंडावर बोलायला जमायचं नाही, परका समजूनच बोलून घेऊ. दिवसभर बोललो. त्याने एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाला, की मी एकाला इथून उकरून काढलं होतं, उशीर झाला होता. कोण ते मी विचारलं नाही. दोघेही बर्फ उपसत राहिलो.

त्याला माझा निरोप सांग. वर कडा तडकल्याचा आवाज आला, की यंत्र चालू असेल तसं सोडून पळायचं. यंत्र सरकारचं आहे. माणूस आपला आहे.

तुझा दादा,
पाव्हलो