ठेंगू

ताई,

दवाखान्यात आया म्हणून लागल्यापासून गर्भार बायकांची उंची मोजायचं काम माझ्याकडे आहे. आज मोजून मोजून हात भरून आलेत. सकाळी डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "फार बुटकी बाई आली, तर तिच्या कागदावर लाल खूण करा." मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, "लहानपणी पोटभर मिळालं नाही, तर कमरेची हाडंही अरुंद राहू शकतात. मग बाळंतपणात मूल अडतं."

तुझी दोन्ही मुलं अशीच अडून गेली. घरातले तुझ्या नशिबाला बोल लावत होते, तेव्हा मी खाली मान घालून बसले होते.

आई कामावर गेली की वाढायचं तुझ्याकडे असायचं. भांड्यातलं शेवटचं माझ्या ताटात लोटून तू म्हणायचीस, "माझं पोट भरलंय." तुझं ताट तर कोरडंच असायचं. मला ते दिसत होतं, ताई. तरी मी खात होते.

पुढे मी उंचीत तुला मागे टाकलं, आणि तुला 'ठेंगू' हे नाव मीच पाडलं. सगळे हसले. तूही हसलीस.

काल फोन उचलल्या उचलल्या तू विचारलंस, "जेवलीस का गं?"

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंस, तर तूच माझी समजूत काढशील, आणि मी तीही मुकाट्यानं घेईन.

तुझ्या वाटची उंची घेऊन फिरणारी,
धाकटी