अण्णांनी सेट केलेलं घर

सौ. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींचा खोकला कसा आहे? मी बरा आहे. (जेवतो. तू विचारशीलच, म्हणून आधीच लिहिलं.)

तू पाठवलेले दातांचे डॉक्टर काल संध्याकाळी बायकोला घेऊन घर बघून गेले. अण्णा गेल्यावर एकट्यासाठी एवढं घर कशाला, विकून टाकू, हे तुझं म्हणणं मला पटतं, म्हणून मी सगळं नीट दाखवलं. अडचण एवढीच, की अण्णांनी या घरात कुठलीच वस्तू दुरुस्त केली नव्हती, सेट केली होती. इंग्रजीतला तो एकच शब्द त्यांना जन्मभर पुरला. विरजण सेट व्हायचं, टीव्हीचा सेट होता, तू लग्न होऊन गेलीस ती सेट झालीस, आणि कपबश्यांचाही सेट होता, ज्यात एका कपाचं दुसऱ्याशी नातं नव्हतं. (मी पन्नाशी ओलांडली तरी माझ्याबद्दल "हा अजून सेट व्हायचाय" असंच सांगायचे.)

डॉक्टरांना मी सांगितलं, की बैठकीतला दिवा मोरीतल्या बटणावर लागतो, गार पाणी हवं तर नळ गरमकडे फिरवायचा आणि फ्रिज उघडण्याआधी त्याला कोपराने एक ठोसा द्यायचा. मला यात वावगं काही वाटलं नाही. ते मात्र किडलेल्या दाढेकडे बघावं तसे माझ्याकडे बघत होते. मग त्यांना मोठ्या कपाटाखालची पाचर दिसली. "हे काय मध्येच?" म्हणत त्यांनी ती ओढून काढली.

कपाट पुढे झुकलं. त्याचं दार उघडून थेट त्या बटणावर जाऊन टेकलं, जे अण्णांनी आजारपणात मला हाक मारायला भिंतीवर बसवलं होतं. घंटा थांबेना. कपाट मागे रेटायचं कोणालाच सुचेना, म्हणून मी मेन स्विच बंद केला. त्यासरशी बाहेरच्या दाराची विजेवरची कडी बसली. (वीज गेली की चोर येतात, हा अण्णांचा सिद्धांत.) ती उघडायची कशी, हे फक्त त्यांनाच ठाऊक. मग काय, मी अंधारात चहा केला.

डॉक्टरीणबाई दाराजवळच्या अण्णांच्या खुर्चीत बसल्या आणि मागे रेलल्या. खुर्चीची पाठ दारावर आपटली आणि कडी निघाली. "अहो, झालं की सेट," बाई म्हणाल्या.

अण्णा गेल्यापासून हा शब्द घरात कोणी उच्चारला नव्हता. मला जरा आतल्या खोलीत जाऊन यावं लागलं.

तुझा,
धाकटा

ता. क. बाईंना घर आवडलंय. सगळं तोडून नीट करून घेणार आहेत. त्यांना नाही म्हणून तूच कळव. मला तोंडावर नाही म्हणता येत नाही, त्यामुळे मी हो म्हणून बसलोय.

आणखी एक. ती पाचर म्हणजे तुझ्या शाळेच्या बुटाची टाच निघाली. ती हरवली म्हणून अण्णांनीच तुला झापलं होतं आणि आळ शेजारच्या कुत्र्यावर गेला होता. कालपासून मी ती परत बसवायला बघतोय. (हे पत्र कपाटाला पाठ लावून लिहितोय, अक्षर समजून घे.) गुडघा ऐकत असेल तर ये. एकाने कपाट उचलून धरायचं आणि एकाने टाच सरकवायची, अशी दोन माणसं लागतात. घरात एकच आहे.